शिक्का मारलेले तीन कोरे कागद

आमच्या इझुहारा गावात म्हातारपणी कोमोदा सेइसुकेला लोक ‘परत आलेलं पत्र’ म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्याला ऐकू जाईल इतक्या अंतरावरून जरूर म्हणत. तो बंदराच्या पायरीवर बसून वाळत घातलेल्या माकुळांवरच्या माश्या हाकत राहायचा आणि मान वर करायचा नाही. नावं ठेवायला अक्कल लागत नाही. सत्तावीस वर्षं ज्यानं दोन राज्यांच्या मधे उभं राहून एकाचं बोलणं दुसऱ्याला पचेल असं करून सांगितलं, त्याच्या पदरात शेवटी हे नाव पडलं. आणि वाईट याचं वाटतं की नाव चुकीचं नव्हतं.

आमचं त्सुशिमा बेट, जपान आणि कोरिया यांच्या मधलं, म्हणजे सगळा डोंगर. शेत म्हणावं असं काही नाही. तांदूळ समुद्रापलीकडून, कोरियातून यायचा, आणि तो यावा म्हणून आम्ही दोन राज्यांच्या मधे हात जोडून उभे राहायचो. एदोत बसलेल्या जपानच्या सरकारनं एक म्हणावं, पलीकडच्यांनी दुसरं, आणि आमच्या माणसांनी दोघांनाही ‘तुमचंच खरं’ असं सांगून घरी पाठवावं. पिढ्यान् पिढ्या आमचा हाच धंदा होता आणि आम्हाला त्याची लाज नव्हती.

सेइसुके मूळचा एका नावाड्याचा तिसरा पोर. पंधराव्या वर्षी दुभाषी कोमोदा रिहेइनं त्याला दत्तक घेतलं, कारण रिहेइला मूल नव्हतं आणि दुभाष्याची जागा घराण्यात चालत आलेली. रिहेइनं त्याला कोरियन भाषा शिकवली ती काठीनं, आणि धंदा शिकवला तो जेवताना. “शब्द काय, कुणीही पलीकडे नेईल,” तो म्हणायचा. “मधल्या मधे राग गाळून घेतो तो दुभाषी. आधी दोन्हीकडे हो म्हणायचं. मग दोघांनाही हळूहळू त्या होकारापर्यंत ओढत आणायचं. ओढता आलं की कुणी विचारत नाही, आधी खोटं कोण बोललं.”

एकविसाव्या वर्षी सेइसुके कोरियाच्या किनाऱ्यावरच्या पुसानच्या जपानी वखारीत रुजू झाला. भोवती दगडी भिंत, आत चार-पाचशे पुरुष, बाईमाणसाला आत पाऊल टाकायची बंदी. वेशीपलीकडे जायचं नाही. सकाळी वेशीशी बाजार भरायचा, कोरियन बायका मासळी आणि मुळे घेऊन यायच्या, आणि आमचे लोक एका मुळ्यासाठी तासभर घासाघीस करायचे; तेवढंच बाईचं बोलणं कानावर पडायचं. हवा स्वच्छ असली की टेकडीवरच्या पाइनांखालून आमचं बेट दिसायचं. सेइसुकेचं लग्न झालेलं होतं. दोन वर्षं वखारीत आणि सहा महिने घरी, असा संसार.

या सगळ्या व्यवहाराचा जीव एका शिक्क्यात होता. कोरियाच्या राजानं फार पूर्वी आमच्या सरदाराला तांब्याचा एक शिक्का ओतून दिला होता. पलीकडे जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर तो उमटलेला हवा, आणि घडी अशी घालायची की छाप बाहेर राहील. वखारीजवळच्या तोंग्ने गावी कोरियन सुभेदाराच्या कचेरीत त्या छापाचा नमुना होता. पत्र आलं की तिकडचा दुभाषी वेशीवर नमुना पत्रावर ठेवायचा, दोन्ही उजेडाकडे धरायचा, आणि रेघेवर रेघ बसली तरच पत्र हातात घ्यायचा. जुळली नाही तर परत. न जुळलेलं पत्र ज्यानं घेतलं त्याची मान गेली, असा तिकडचा कायदा.

तिकडचा दुभाषी म्हणजे ह्यॉन सोक-यून. सेइसुकेहून सहा वर्षांनी मोठा, पोट सुटलेला, टोपीच्या दोऱ्या हनुवटीखाली सारख्या सैल करणारा. कामासाठी वखारीत आला की आमच्याकडचं देवदाराच्या पेटीत मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, घालून शिजवलेलं बदक खाल्ल्याशिवाय उठायचा नाही.

“कोमोदा, तुमच्या लोकांना राजकारण जमत नाही, पण बदक जमतं,” तो बोटं चाटत म्हणायचा.

“मग पुढच्या वेळी पत्राऐवजी बदकच पाठवू का?”

“पाठवा की. फक्त पाठीवर शिक्का मारून. मी नमुना घेऊन बसतो.”

वीस वर्षं हे असंच चाललं. दोघांनी एकमेकांना किती थापा मारल्या याची गणती नाही, पण त्या धंद्यातल्या थापा. दोघांनाही ठाऊक असायच्या आणि पुढे खऱ्या केल्या जायच्या. ह्यॉनचं एक ठरलेलं वाक्य होतं, आणि ते त्यानं आपल्या हाताखालच्या प्रत्येकाला घोकायला लावलं होतं. “माणसावर विश्वास ठेवायचा तो जेवताना. कागदावर ठेवायचा तो छाप जुळल्यावर.”

आता त्या कोऱ्या कागदांबद्दल. समुद्र खवळला की पंधरा-पंधरा दिवस बेटावरून होडी येत नसे, आणि वखारीत तर आजच्या आज पत्र हवं असे. म्हणून आमच्या लोकांनी एक तोड काढली होती. सरदाराच्या गडावरून येताना काही कोऱ्या कागदांवर शिक्का आधीच मारून आणायचा. नियमात हे बसत नव्हतं. धंद्यातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे मूग गिळून होते. रिहेइ मरायला टेकला तेव्हा त्यानं पंख्याच्या खोक्यातून असे तीन कागद काढून सेइसुकेच्या हातात दिले.

“यात खोटं लिहू नकोस, असं मी म्हणणार नाही,” तो म्हणाला. “जे लिहिशील ते पुढे खरं करता येईल, एवढं बघ.”

पहिला कागद सेइसुकेनं खर्चला तो वादळात वाहत आमच्या बेटाला लागलेल्या नऊ कोरियन कोळ्यांसाठी. कागद नसता तर ते हिवाळाभर अडकले असते. नव्या वर्षाच्या सणाला ते घरी पोचले. दुसरा गेला एका थंडीत, वखारीचं सरपण बंद झालं तेव्हा. तिसरा खोक्यात राहिला.

मग सन अठराशे अडुसष्ट आलं. एदोचं सरकार पडलं, बादशहाचं आलं, आणि नव्या सरकारनं कोरियाला ही बातमी कळवायला एक पत्र पाठवलं. पत्र देखणं होतं. काळ्या लाखेची पेटी, जांभळी दोरी. शिक्का मात्र नवा, तोक्योत घडवलेला. परक्या राजानं ओतून दिलेला शिक्का वापरणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं.

ह्यॉननं वेशीवरच्या खोलीत नमुना काढला, पत्रावर ठेवला, उजेडाकडे धरला. बराच वेळ पाहिलं. मग पेटीत घातलं आणि पेटी दोन्ही हातांनी सेइसुकेकडे सरकवली.

“ही छाप आमची नाही.”

“सरकार बदललंय, ह्यॉनसाहेब.”

“तुमचं बदललं. आमचं आहे तेच आहे.”

“आत नुसती बातमी आहे हो. वाचून तर बघा.”

“कोमोदा, वाचायला मला दोन डोळे आहेत, पण मान एकच आहे.”

तिथून जे घोंगडं भिजत पडलं ते सात वर्षं. दर वसंतात सेइसुके ती पेटी घेऊन वेशीवर जायचा, ह्यॉन छाप पाहायचा आणि पेटी परत यायची. कधी ‘सुभेदार बदलले’, कधी ‘दरबारात सुतक आहे’, कधी ‘पटकीची साथ आहे, कागदाला हात लावायची मनाई आहे’. सेइसुके या सबबी आणखी गोड करून तोक्योला कळवायचा, ‘अनुकूल चिन्हं आहेत, शरदापर्यंत स्वीकारतील’. आणि तोक्योच्या धमक्या पातळ करून ह्यॉनला सांगायचा, ‘आमचे लोक वाट पाहायला तयार आहेत’. पत्र स्वीकारलं जावं आणि ह्यॉनची मान जागेवर राहावी, एवढंच त्याला हवं होतं. दोन्ही एकदम होईल असा एखादा मार्ग निघेलच, असं तो खरोखर मानत होता.

बायको ओसेनला हे सगळं दिसत होतं. तो घरी आला की ती रताळ्याच्या शेवया वाढता वाढता विचारायची, “काय हो, घेतलं का तुमचं पत्र?”

“यंदा घेतील.”

“गेल्या खेपेला पण ‘यंदा’च होतं. त्या पेटीशीच लग्न करायचं होतं तुम्ही. तिच्याबरोबर राहता तरी.”

सहाव्या वर्षी ओसेन तापानं गेली. बातमी लोणच्याच्या बरण्यांबरोबर होडीतून आली. तो घरी पोचला तोवर एकोणपन्नासाव्या दिवसाचं कार्यही उरकलं होतं. शेजारणीनं घराची किल्ली दिली आणि सांगितलं की शेवटी शेवटी ओसेन पत्राचंच विचारत होती.

दरम्यान आमचं बेटही गेलं म्हणायचं. नव्या सरकारनं सरदारक्या मोडल्या, आमचा सरदार तोक्योला गेला, आणि तांब्याचा शिक्काही पेटीत घालून तिकडेच नेला. वखार परराष्ट्र खात्यानं ताब्यात घेतली. आमच्या निम्म्या लोकांना होडीत बसवून घरी धाडलं. सेइसुकेला ठेवलं, कारण भाषा येणारा दुसरा कुणी नव्हता.

सातव्या वर्षी, अठराशे पंचाहत्तरच्या सुरुवातीला, तोक्योहून बादशहाचा दूत म्हणून मिझुनुमा तेत्सुजिरो आला. वय बत्तीस, मिशा कातरलेल्या, काळा विलायती कोट. माणूस आरडाओरडा करणारा नव्हता. सेइसुकेला तो बसायला सांगायचा, चहाही द्यायचा, आणि त्याचं सगळं ऐकून घेऊन वहीत एक ओळदेखील लिहायचा नाही.

आणि नेमकं त्याच वर्षी तिकडून दार किलकिलं झालं. ह्यॉन एके दुपारी घाम पुसत आला.

“सुभेदार तयार आहेत,” तो म्हणाला. “जुन्या पत्राचं राहू द्या. दूताच्या स्वागताची मेजवानी करू, तिथे बोलणं करू, मग शिक्क्याचाही तोडगा काढू. फक्त पूर्वीच्या चालीनं व्हायला हवं. जुने दरबारी कपडे आणि बाजूचं दार. तसा लेखी भरवसा द्या, छापासकट. नाहीतर सुभेदार हात लावणार नाहीत.”

सेइसुकेनं मिझुनुमाला विचारलं. मिझुनुमा म्हणाला, “बादशहाचा दूत मधल्या दारानं जातो. आणि कपडे हे असेच असतील, अंगावर आहेत ते.”

घोडं इथे अडलं. सेइसुके दोन दिवस वखारीच्या धक्क्यावर फेऱ्या मारत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पंख्याचं खोकं उघडलं, शेवटचा कागद काढला आणि लिहिलं की दूत जुन्या पोशाखात, बाजूच्या दारानं येईल. मग मिझुनुमाकडे जाऊन सांगितलं की ते लोक मधलं दार उघडायला तयार आहेत. दोन्हीकडे हो. मेजवानीला अकरा दिवस होते. अकरा दिवसांत मिझुनुमाला ओढत आणता येईल, असा त्याचा हिशेब. रिहेइनं याहून मोठ्या गाठी सोडवल्या होत्या.

ह्यॉननं कागदावर नमुना ठेवला. रेघेवर रेघ बसली.

“तांब्याचा शिक्का तोक्योला गेला म्हणून ऐकलं होतं,” तो म्हणाला.

“गेला.”

“मग हे?”

“छाप जुळते का?”

“जुळते.”

“मग झालं तर.”

ह्यॉननं टोपीची दोरी सैल केली. त्याला यात पाणी मुरतंय हे कळलं नसेल असं नाही. इतकी वर्षं तोही त्याच धंद्यात होता. “मान माझी आहे, कोमोदा,” तो म्हणाला.

“माहीत आहे मला.”

“हानयांगला जायचंय मला. घरी नातीला अजून पाहिलं नाही. एवढं एक झालं की मी सुटलो.” आणि त्यानं कागद बाहीत ठेवला.

अकरा दिवस सेइसुकेनं सगळं करून पाहिलं. गावाकडच्या एका म्हाताऱ्या शिलेदाराकडून ताठ खांद्यांचा दरबारी पोशाख मागून आणला, स्वतः इस्त्री करून मिझुनुमाच्या खोलीत टांगला. “नुसता घालून तर पाहा,” म्हणाला. मिझुनुमानं कापडाला हात लावून पाहिला आणि विणकाम छान आहे म्हणाला. बाजूचं दार खरं तर मधल्या दाराहून रुंद आहे, असंही सेइसुकेनं सांगून पाहिलं. मिझुनुमा हसला. दहाव्या दिवशी सेइसुके त्याच्यासमोर जमिनीला कपाळ टेकून बसला आणि उठलाच नाही. मिझुनुमा चहा पिऊन बाहेर फिरायला निघून गेला.

अकराव्या दिवशी मिझुनुमा काळा कोट आणि बूट घालून निघाला. मधलं दार बंद होतं, बाजूचं उघडं. उघड्या दारात ह्यॉन उभा होता, ठेवणीतल्या पोशाखात, आणि त्याच्यामागे सुभेदाराची माणसं. आतून मधाच्या वड्यांचा वास येत होता. ह्यॉननं आधी बूट पाहिले, मग कोट, आणि सगळ्यात शेवटी सेइसुकेच्या तोंडाकडे पाहिलं. सेइसुकेनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्याला दोन्हीपैकी एकाही भाषेत शब्द सापडला नाही.

मिझुनुमा घड्याळ काढून बघत उभा राहिला. मग “बरं,” म्हणाला आणि वळून परत निघाला.

वाटेत त्यानं सेइसुकेला सांगितलं, आणि तेही अगदी सहज, “त्यांनी दार उघडलं असतं तर माझीच पंचाईत झाली असती, कोमोदा. नागासाकीला लढाऊ जहाजं तयार आहेत. काहीतरी कारण हवं होतं, ते मिळालं.”

सेइसुके जागीच थांबला. दोन माणसांना ओढत मधे आणता येतं, पण त्या दोघांना मुळात मधे यायचं असावं लागतं; रिहेइनं हे कधी सांगितलंच नव्हतं, कारण रिहेइच्या वेळी तशी वेळच आली नव्हती.

महिनाभरानं हानयांग राजधानीतून तपासनीस फसलेल्या मेजवानीची चौकशी करायला तोंग्नेला आला. ह्यॉनच्या हाताखालचा दुभाषी बेक, चाळिशीचा, चार लेकरांचा बाप, सकाळच्या बाजारात मुळा निवडण्याचं निमित्त करून वेशीशी आला आणि मान खाली घालून सेइसुकेशी बोलला.

“साहेबांना धरलंय. तुमच्याकडे विचारणा झाली होती. तुमच्या मोठ्या साहेबांनी कळवलं की असं कुठलंही पत्र दिलं नाही आणि तांब्याचा शिक्का तीन वर्षांपूर्वीच तोक्योला गेला. म्हणजे छाप साहेबांनीच बनावट केली, असं ठरलंय. परवा.”

“परवा काय?”

बेकनं मुळा खाली ठेवला. “इथेच. वेशीसमोर. तुमच्या लोकांना दिसावं म्हणून.”

सेइसुके तसाच मिझुनुमाकडे गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिन्ही कागद, रिहेइ, पंख्याचं खोकं. मिझुनुमानं ऐकून घेतलं.

“म्हणजे खोटं तुम्ही लिहिलंत.”

“मीच लिहिलं. ते मला लिहून द्यायचंय. पलीकडे.”

“लिहा की,” मिझुनुमा म्हणाला. “तुमची जागा जाईल, ते वेगळं. पण शिक्का खात्याचाच लागेल. दुसरा आहे कुठे?” आणि त्याचे डोळे जरा चमकले. नव्या शिक्क्याचा आणखी एक कागद वेशीवर जाणार, एवढंच त्याला त्यात दिसलं.

सेइसुकेनं सात ओळी लिहिल्या. त्यात मान खाली घालणं नव्हतं, ऋतूचं वर्णन नव्हतं, अनुकूल चिन्हं नव्हती. तो भरवसा मी, कोमोदा सेइसुकेनं, जुन्या छापाच्या कोऱ्या कागदावर लिहिला. माझ्या वरिष्ठांना माहीत नव्हतं. ह्यॉन सोक-यून यांनी छाप जुळवून तो नियमाप्रमाणे घेतला. त्यांचा दोष नाही, दोष माझा आहे. इतकं सरळ त्यानं जन्मात लिहिलं नव्हतं. खाली लाल, करकरीत नवा शिक्का बसला.

वेशीवरच्या खोलीत बेक होता. त्यानं पत्र पाहिलं आणि तोंड बारीक केलं. तरी नमुना काढला, पत्रावर ठेवला, उजेडाकडे धरला. मग पुन्हा एकदा धरला.

“जुळत नाही,” तो म्हणाला.

“बेक, माझं अक्षर ओळखता ना तुम्ही?”

“चौदा वर्षं ओळखतो.”

“मग?”

“अक्षरावर घ्यायचा नियम नाही.”

“आत काय लिहिलंय ते सांगतो. मी तपासनिसांसमोर येऊन तोंडानं सांगतो.”

“निकाल ठरल्यावर परक्याचं तोंडी बोलणं नोंदवहीत जात नाही, कोमोदासाहेब. तुम्हाला ठाऊक आहे. आणि हे मी घेतलं तर परवा एकाऐवजी दोन माना.” बेक रडत होता आणि पत्र दोन्ही हातांनी, रीतीप्रमाणे, परत सरकवत होता. “त्यांनीच शिकवलंय हो मला.”

सेइसुकेनं पत्र छातीशी धरलं आणि तो सरळ वेशीबाहेर चालायला लागला. सत्तावीस वर्षांत त्यानं ती रेघ ओलांडली नव्हती. दीडशे-दोनशे पावलं गेला असेल. पहारेकऱ्यांनी त्याला दोन्ही दंडांना धरून परत आणलं. मारलंसुद्धा नाही. एकानं त्याचं पडलेलं पायताण उचलून आणून दिलं.

शिक्षेच्या दिवशी बाजार भरला नाही. आमचे लोक भिंतीवर चढून पाहत होते. मिझुनुमा खोलीत अहवाल लिहीत होता. सेइसुके वेशीच्या आतल्या बाजूला उभा राहिला. ह्यॉनच्या डोक्यावर टोपी नव्हती आणि तो एकदम लहानखुरा दिसत होता. त्याला गुडघ्यांवर बसवण्याआधी त्याचा हात सवयीनं हनुवटीखाली गेला, दोरी सैल करायला. तिथे दोरी नव्हती. डोकं तीन दिवस खांबावर होतं आणि ते वखारीकडे तोंड करून ठेवलं होतं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. शरदात आमची जहाजं कोरियाच्या किनाऱ्याला गेली, तोफा झडल्या, आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तह झाला. सात वर्षांत एका पेटीला जे जमलं नाही ते तोफांना दोन दिवसांत जमलं. सेइसुकेची जागा गेली होती, पण बदली माणूस येईपर्यंत थांब म्हणून सांगितल्यामुळे तो वखारीतच होता.

वसंतात बेक आला. बरोबर दोन हमाल आणि एक यादी.

“हुकूम आहे,” तो म्हणाला. “आजवर परत केलेली सगळी पत्रं आता घ्यायची आणि पोच द्यायची. काढा.”

सेइसुकेनं कपाट उघडलं. काळ्या लाखेची पेटी बेकनं घेतली, पोच दिली. त्यानंतरची स्मरणपत्रं घेतली, पोच दिली. नमुना त्यानं आणलासुद्धा नव्हता. कागद न बघताच तो बाजूला ठेवत होता. तळाशी एक पत्र राहिलं, सात ओळींचं. ते हातात आल्यावर मात्र तो थांबला.

“शेवटच्या दिवशी सकाळी मी ह्यॉनसाहेबांना सांगितलं होतं,” बेक म्हणाला. “कोमोदासाहेबांचं पत्र आलं होतं म्हणून.”

सेइसुकेनं कपाटाचं दार लावलं.

“त्यांनी विचारलं, छाप जुळली का? म्हटलं, नाही. मग म्हणाले, घेतलं नाहीस ना? म्हटलं, नाही घेतलं.” बेकनं पत्र यादीवर ठेवलं. “म्हणाले, बरं केलंस.”

मग त्यानं पोचेचा कागद काढला. पत्र कुणाचं, कुणाला, पानं किती, सगळं भरलं. शेवटी एक रकाना होता, उशिराचं कारण. बेकनं कुंचला तसाच धरून सेइसुकेकडे पाहिलं.

“इथे काय लिहू?”

ज्या माणसाचं अख्खं आयुष्य दोन्हीकडे चालेल असं कारण शोधण्यात गेलं, तो बराच वेळ त्या रकान्याकडे बघत राहिला. बेक थांबला. बाहेर हमाल कंटाळून खाली बसले. कुंचल्याच्या टोकावरची शाई वाळायला लागली तेव्हा बेकनं तो खाली ठेवला, रकाना कोराच सोडला, आणि पोच सेइसुकेच्या हातात दिली.